बारावं नाव

गजेंद्र अढाऊने डूख धरला होता, आणि तो वीस वर्षं सोडला नाही. लोक म्हणतात, काळ हे औषध आहे. असेल बुवा. गजेंद्रला ते लागू पडलं नाही.

अकोटजवळच्या कपाशीवाल्या घरात सहा फूट पाच इंचांचं पोरगं म्हणजे गावाला आयती करमणूक. बाप चंद्रभान म्हणायचा, "याले दरवाजा पुरत नाई, जग काय पुरंल?" अमरावतीला वसतिगृहात राहून शिकताना बास्केटबॉल हाताला लागला आणि उंचीचं पहिल्यांदा काही चीज झालं. अठराव्या वर्षी ज्युनिअर संघात निवड झाली. राष्ट्रीय स्पर्धा लुधियानाला, जर्सी पंधरा नंबरची. परत आल्यावर रेल्वेच्या संघाची चाचणी होती, आणि तिला फक्त राष्ट्रीय स्पर्धेत खेळलेली पोरंच घेणार होते. गोदाबाईने, त्याच्या आईने, प्रवासाला दशम्या बांधून दिल्या होत्या.

अकोला स्टेशनवर गाडी लागली, तेव्हा संघ पाठवणाऱ्या बास्केटबॉल मंडळाचे सचिव शेषराव म्हैसने यांनी त्याला बाजूला घेतलं. "तुह्या जन्मदाखल्यात गडबड हाय. पुढच्या वर्षी पाहू." पुढच्या वर्षी वय उलटणार होतं, हे दोघांनाही माहीत होतं. दाखल्यात काडीची गडबड नव्हती, हेही दोघांना माहीत होतं. अकरा पोरं गाडीत बसली. बारावा फलाटावर उभा राहिला.

रेल्वे गेली ती गेलीच. मग गजेंद्र मिळेल तिथे खेळला. चेन्नईत एका कंपनीच्या संघातून, केरळात, पंजाबात, दर हंगामाला नवा करार. शेवटी एका व्यावसायिक लीगमध्ये तीन हंगाम निघाले आणि मालकांनी गाशा गुंडाळला. पण तो खेळायचा कसा? सामन्याआधी बाकीचे देवाचं नाव घेत, हा दात खाऊन शेषरावचं घ्यायचा. रिबाउंडला, म्हणजे कड्यावरून परतलेल्या चेंडूला, उडी मारताना त्याचं कोपर ज्याच्या बरगडीत बसायचं, त्या बिचाऱ्याला कधी कळलं नाही की तो मार अकोल्याच्या पत्त्यावरचा होता. चौतिसाव्या वर्षी गुडघ्यांनी हात टेकले. मग तो अमरावतीला आला, आरतीशी लग्न केलं, पोरांना बास्केटबॉल शिकवू लागला.

गेल्या वर्षी खेळाडू कोट्यातल्या जुन्या नोकऱ्यांची फेरतपासणी निघाली. बास्केटबॉलचा जाणकार म्हणून गजेंद्रला बोलावलं. चौथ्या दिवशी समोर एक यादी आली: लुधियाना. आपल्या अकरा सोबत्यांची नावं त्याने बोट ठेवून वाचली. बारावं नाव होतं कुलदीप शेषराव म्हैसने.

गजेंद्रने बोट त्या नावावरच दाबून धरलं. त्याच्या जागी दुसरं पोरगं खेळलं असतं, तरी एक वेळ त्याने गिळलं असतं. इथे तर कोणी गेलंच नव्हतं; अकराच खेळून आले, हे सोबत्यांनी तेव्हाच सांगितलं होतं! जागा रिकामी ठेवली, आणि नंतर घरबसल्या त्यात पोराला बसवलं. कुलदीप त्याच कागदावर पंधरा वर्षं सरकारी खुर्चीत होता. अधिकाऱ्यांना गजेंद्रने जुनी ओळख सांगितली नाही. सांगितली असती, तर हे काम दुसऱ्या कोणाच्या हाती गेलं असतं.

सुनावणीला कुलदीप पोट सावरत आला.

"जर्सी कोनता नंबर?" गजेंद्रने अगदी गोड विचारलं.

"तीन, सर. माहा जनम तीन तारखेचा. लकी हाय."

यादीतही तीनच होता. गजेंद्रने नियमांचं जुनं पुस्तक अधिकाऱ्यांपुढे सरकवलं. त्या काळी जर्सी चारपासून पंधरापर्यंतच असत. एक, दोन, तीन ही बोटं पंच गुण दाखवायला वापरत, म्हणून ते आकडे खेळाडूला मिळतच नसत. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक, फक्त ते मैदानावर गेलेलं पाहिजे. कुलदीपचा चेहरा पांढरा पडला. गजेंद्रला इतकं बरं वाटलं, की त्याची त्यालाच लाज वाटली नाही.

अहवाल द्यायच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, शेषराव घरी आले. सत्तरी उलटलेली. आरतीने पाणी दिलं.

"सर, पोराच्या दोन पोरी हायेत. तुमच्या हाती हाय सारं."

आरतीने नवऱ्याकडे पाहिलं. "जाऊ द्या ना आता," ती हळूच म्हणाली.

गजेंद्र उठून उभा राहिला, पूर्ण सहा फूट पाच इंच. "मले ओयखलं काय?"

म्हाताऱ्याने डोळे बारीक केले. "नाई बाप्पा."

"अकोटकडचा अढाऊ. अकोला स्टेशन. लुधियानाची गाडी."

शेषरावांनी मनापासून आठवून पाहिलं, त्यात खोटं काही नव्हतं. मग मान हलवली. "अशे दरवर्षी एक-दोन पोट्टे उतरवाच लागे, भाऊ. कोनाकोनाले ध्यानात ठेवू?"

ज्याचं नाव घेऊन गजेंद्रने उभी कारकीर्द काढली, त्या माणसाच्या डोक्यात त्याला उभं राहायलाही जागा नव्हती. त्याने टेबलावरचा अहवाल उघडला आणि पेनचं टोपण काढलं.

"दरवर्षी?" तो म्हणाला. "बसा, काका. साल सांगा. पयल्यापासून."