पॅरिसला राहणारी तिसरी ब

वाकडच्या ज्या शाळेत मी फ्रेंच शिकवते, तिथे मराठी बोललं की डायरीत लाल शेरा मिळतो. पोरं इंग्रजीत भांडतात, इंग्रजीतच रडतात. त्यांना तिसरीपासून फ्रेंच! का, तर पलीकडच्या शाळेत जर्मन आहे.

आठवड्याला दोन तास आणि वर्गात चाळीस पोरं. शिकवणार काय, कपाळ? पुस्तकातला पहिला संवाद मी पाढ्यांसारखा घोकून घेतला. मी म्हणायचं, त्यांनी मागून ओरडायचं.

तिसऱ्या वर्षीही मी कंत्राटीच होते. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "फ्रेंच डे चांगला झाला तर तुम्हाला कायम करू." पाहुणा म्हणून त्यांनी चाकणच्या एका कंपनीतला खराखुरा फ्रेंच साहेब गाठला. आता लपवायचं काय, मी स्वतः फ्रेंच माणसाशी जन्मात बोलले नव्हते.

साहेब भला माणूस. पहिल्याच मुलीपुढे गुडघ्यावर बसून त्यानं तिचं नाव विचारलं. तिनं खणखणीत आवाजात पुस्तकातल्या मुलीचं नाव सांगितलं, वर आपण पॅरिसला राहतो म्हणाली. मग दुसऱ्याला विचारलं. त्याचंही तेच नाव, तोही पॅरिसचा. तिसरा, चौथी, पाचवा... अख्खी तिसरी ब एकाच नावाची! साहेबानं माझ्याकडे पाहिलं. संपलं, म्हटलं, आता हा बोलणार. तेवढ्यात पालकांनी टाळ्यांचा कडकडाट केला आणि बिचारा तोही टाळ्या वाजवू लागला. मुख्याध्यापिकांना फ्रेंचमधलं ओ की ठो कळत नाही. "व्हॉट फ्लुएन्सी!" म्हणाल्या.

कार्यक्रम संपल्यावर त्या पहिल्या मुलीचे वडील माझ्याकडे आले. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये कामाला, खास शिफ्ट बदलून आलेले.

"मॅडम, पोरीनं तिचं नाव सांगितलं न्हवं?"

"हो."

"आमी ठेवलेलं नाव फ्रेंचमधी असं म्हणत्यात व्हय?"

मुख्याध्यापिका शेजारीच उभ्या होत्या. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"हो," मी म्हणाले.

जूनपासून मी कायम आहे. परवा ती मुलगी मधल्या सुट्टीत मला गाठून, अर्थात इंग्रजीत, सांगत होती, की घरी आता सगळे तिला त्याच नावानं हाक मारतात. बाबांच्या मोटरसायकलवर तिचं नाव होतं, तेही त्यांनी खरवडून काढलंय आणि तिथे हे नवं रंगवून घेतलंय.