चिमणी म्हैस आणि बुंध्याचा प्रश्न

म्हशीचं नाव चिमणी ठेवणारा माणूस उचगावात एकच, गुरुसिद्ध अप्पा. त्याच चिमणीच्या दुधावर त्यांनी लेकीला, दानेश्वरीला, एम.एस्सी.पर्यंत शिकवलं. "पोरगी कॉम्प्युटर शिकून म्हशी राखणार व्हय?" असं भावकी विचारायची. दानेश्वरीनं ते खरंच करून दाखवलं. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिनं संगणकात म्हशींचा कळपच सोडला.

म्हशी म्हणजे नुसते ठिपके. पण त्यांना भूक होती, तहान होती आणि मोटरसायकलच्या आवाजाची ओढही होती. दिवाळी पाडव्याच्या शर्यतीत मालकाच्या गाडीमागं धावत नाही ती म्हैस कोल्हापूरची कसली! ठिपके कसे वागले याची सगळी माहिती ती निर्णयवृक्षाला, म्हणजे 'डिसिजन ट्री' नावाच्या प्रोग्रॅमला द्यायची. हे झाड एकामागून एक प्रश्न विचारत फांद्या काढतं. ज्या प्रश्नानं वागण्याचा सगळ्यात जास्त उलगडा होतो, तो बुंध्याशी बसतो.

२००४ च्या दिवाळीआधी अप्पांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. ते दवाखान्यात, आणि इकडे चिमणीनं वैरण सोडली. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले, दानेश्वरीच्या आईनं, अव्वानं, मीठ-मोहरी ओवाळून टाकली, पण म्हैस ढिम्म. तिचं पोट खपाटीला गेलं. अप्पा रोज विचारायचे, "चिमणी खातीया न्हवं?" अव्वा खोटंच "व्हय" म्हणायची आणि दानेश्वरीला गलबलून यायचं.

त्याच आठवड्यात झाड तयार झालं. बुंध्याशी भूक येणार, असं तिनं धरलं होतं. आला तो आवाज! गाडी वाजली नाही तर भुकेल्या म्हशीसुद्धा चाऱ्यापासून लांब उभ्या.

"आवाजाला फार वजन दिलंयस. सुधार," प्रकल्पाचे सर म्हणाले.

चूक होतीच. घरी पाहिलेलं तिनं नकळत नियमांत ओतलं होतं. अप्पा रोज गाडीवरून वैरण आणायचे. गाडी दारात थडथडली की मगच चिमणी गव्हाणीत तोंड घालायची. दानेश्वरी सुधारणा तशीच टाकून घरी पळाली.

"अव्वा, गाडीची चावी दे."

"तुला चालवाय येतीया व्हय?"

"चालवायची न्हाय, वाजवायची हाय."

किका मारून पोटऱ्या भरून आल्या, तेव्हा कुठं अप्पांची जुनी राजदूत खोकत सुरू झाली. चिमणीनं मान उचलली. तिनं गाडीकडं पाहिलं, गाडीवर अप्पांना शोधलं आणि कान पाडले. दानेश्वरीच्या तेव्हा ध्यानात आलं. गाडीवर कोण, हा प्रश्न तिनं झाडाला दिलाच नव्हता. ती अप्पांच्या जागी बसली आणि त्यांच्यासारखीच म्हणाली, "खा गं बाई माझी."

चिमणीनं मोठा सुस्कारा सोडला आणि गव्हाणीत तोंड घातलं. दानेश्वरीला रडू आवरेना. हिच्या दुधावर आपण शिकलो, आणि ते शिकलेलं पहिल्यांदा हिच्याच कामी आलं. देवाचे उपकार मानावे तेवढे थोडे, असं तिला वाटलं.

संध्याकाळी दवाखान्यात अप्पांनी नेहमीसारखं विचारलं, "चिमणी खातीया न्हवं?"

"व्हय," अव्वा म्हणाली.

अप्पांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि समाधानानं डोळे मिटले.

"आज खरं बोललीस बघ."