निळ्या खोलीतला लाल उंबरा

नीळकाकूंची नखं कायम निळी असत. कपडे धुऊन झाले, भांडी घासून झाली, सणाचं पुरण वाटून झालं, तरी नखांच्या कडेला निळी रेघ राहायचीच. त्यांनी पहिल्यांदा माझ्या हातात चहाचा कप दिला तेव्हा माझं लक्ष कपाकडे नव्हतं, नखांकडे होतं. ते त्यांच्या ध्यानात आलं. "विष नाही गो ते," त्या म्हणाल्या. "नीळ आहे. पी तू चहा."

ही पन्नास सालानंतरच्या पिंपरीतली गोष्ट. रेल्वेच्या रुळांजवळ एक पत्र्याची चाळ होती. एका ओळीत खोल्या, मागे शेत, पुढे धूळ. सगळ्यांचे नवरे एकाच कारखान्यात. सकाळी भोंगा झाला की चाळीतून निळ्या कपड्यांची रांग निघायची आणि संध्याकाळी तीच रांग तेलाचे डाग घेऊन परत यायची. काकू रत्नागिरीकडच्या, वयानं माझ्या आईएवढ्या. त्यांची खोली माझ्या खोलीला लागून होती. लग्नानंतर मी दोन वर्षं चाकणच्या पुढच्या गावी सासूबाईंजवळ राहिले, कारण आमच्या ह्यांना खोलीच मिळत नव्हती. ती मिळाली आणि मी पिंपरीला आले. तेव्हा मला स्वयंपाक येत होता, शेण-गोठा येत होता. खोली कशी लावायची हे काही येत नव्हतं.

काकूंची खोली बघितली की पाहुणा दारातच थबकायचा. भिंती निळसर, पडदा निळा, गादीची खोळ निळी, फळीवरचा कागदसुद्धा निळीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला. खाली जमिनीलगत गडद, वर पत्र्याकडे फिकट होत गेलेला एकच रंग. आमच्यासारखीच दहा-बारा फुटांची खोली, पण आत गेलं की श्वास मोकळा व्हायचा. चाळीचे मालक गावचेच. भाडं घ्यायला आले की उंबऱ्याबाहेरूनच विचारायचे, "काकू, ह्ये घर हाय का आभाळ?" काकू म्हणायच्या, "आभाळ असतं तर भाडं कशाला दिलं असतं?"

हा रंग त्यांनी आवडीनं निवडलेला नव्हता. "आवड कसली! कंपनीनं ह्यांना निळे कपडे दिले. एक जोडी अंगावर, एक खुंटीवर, एक दोरीवर. खोलीत कुठं बघावं तर निळं लोंबतंय. ते काही मला बदलता येणार नव्हतं. मग म्हटलं, बाकीचं बदलू." घरातली जी वस्तू हलवता येत नाही, तिचाच रंग घराला द्यायचा, हा त्यांचा पहिला नियम. नवऱ्याचे जुने झालेले कंपनीचे कपडे त्या उसवायच्या. कमी धुतलेलं कापड गडद असे, त्याची बसकरं होत. जास्त विटलेल्याचे पडदे होत. नवराही त्यातच मिसळून गेला होता. काका गप्प माणूस. निळ्या सदऱ्यात भिंतीला टेकून बसले की दिसायचेच नाहीत. एकदा मी आत जाऊन काकूंशी त्यांच्याच पगारवाढीबद्दल बोलत बसले, आणि भिंतीतून आवाज आला, "अजून ठरलेलं नाही ते."

माझी खोली बघून काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. लाल ट्रंक, गुलाबी पडदा, पिवळी चादर, हिरवी फळी. मी हौसेनं मांडलेलं. "ही खोली नाही, भांडण आहे," त्या म्हणाल्या. "माणसं दोन आणि रंग चार. राहणार कुठं सगळे?"

पुढच्या सोमवारी त्यांनी मला चुना कालवायला बसवलं. आमच्याही खुंटीवर कंपनीचे निळे कपडे होतेच, त्यामुळे रंग ठरलेला होता. मी पुरचुंडीतली नीळ सोडली. पाणी गडद झालं तशी घाबरले आणि हात आखडला. काकूंनी माझ्या हातातली पुरचुंडी घेऊन आणखी दोनदा पिळली. "ओल्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही. विटेवर लाव, वाळू दे, मग बोल." मी वीट रंगवून उन्हात ठेवली. वाळल्यावर ती अगदी फिकट झाली. मी पुन्हा नीळ घातली. संध्याकाळी हे कामावरून आले, दारातून आत बघितलं आणि शेजारच्या दारात डोकावून म्हणाले, "काकू, आमची खोली कुठली?"

आठ-नऊ महिने सुखात गेले. मग गावाहून निरोप आला की सासूबाईंना दिसेनासं झालंय. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. हे एकुलते एक. गावी दुसरं कोणी नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं की मोतीबिंदू आहे, पण अजून पिकलेला नाही. पिकल्याशिवाय काढता येणार नाही. सहा महिने लागतील, वर्षही लागेल. तोवर एक तर आत्याबाईंनी पिंपरीला येऊन राहायचं, नाही तर मी गावी जायचं. मी गावी गेले की परत कधी येणार, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. ह्यांना पुन्हा खानावळ, मला पुन्हा गोठा. मला माझा संसार सोडायचा नव्हता, आणि त्यांना एकटं टाकणंही शक्य नव्हतं. म्हणून आत्याबाईंना एसटीत बसवून आणलं.

आत्याबाई दिसत नाही हे कबूल करणाऱ्या नव्हत्या. कोणी हात धरला की झटकायच्या. "म्या काय आंधळी हाय व्हय? दिसतंय मला समदं." पण माझ्या त्या सुंदर निळ्या खोलीत त्यांना काहीच सापडेना. फळी समजून त्यांनी तांब्या हवेत ठेवला. पडद्याला भिंत समजून टेकायला गेल्या. मिश्रीची डबी मी निळ्या फडक्यात ठेवली होती, ती शोधत त्या सकाळभर फळी चाचपत राहिल्या आणि मी विचारलं तर म्हणाल्या, "काय न्हाई, धूळ बघते." चौथ्या दिवशी मोरीच्या पायरीवर पडल्या. गुडघा सोलवटला. मी हळद लावत होते तेव्हा त्यांनी विचारलं, "चाकणची गाडी किती वाजता हाय?"

रात्री हे म्हणाले, "तू काही महिने जाऊन ये." सकाळी मी ट्रंक ओढून बाहेर काढली. नंतर काकूंच्या दारात गेले आणि त्यांना सरळ सांगितलं, "काकू, तुमच्या निळ्यानं माझा घात केला."

काकू चिडल्या नाहीत. माझ्या खोलीत आल्या. आत्याबाई ओट्यावर उन्हात बसल्या होत्या. काकूंनी पदराच्या चार घड्या केल्या, डोळ्यांवर धरल्या आणि त्या खोलीत चालू लागल्या. फळीवर आपटल्या. मोरीशी अडखळल्या. मग तशाच, डोळ्यांवर पदर धरून, खोलीच्या मधोमध बराच वेळ बसून राहिल्या. अचानक त्यांनी विचारलं, "ते कोपऱ्यात लाल काय आहे?"

मी बघितलं. देवाच्या फळीखाली कुंकवाची पुडी सांडली होती. एवढासा डाग. "कुंकू आहे."

"चार घड्यांतून दिसलं बघ मला. बाकी काही दिसत नाही, तेवढंच दिसतं." त्यांनी पदर खाली घेतला. "सगळं एकाच रंगाचं आहे ना, म्हणून दिसतं. तुझ्या आधीच्या भांडणात नसतं दिसलं."

ज्या बाईनं भावानं दिलेला पिवळा रुमालसुद्धा निळीच्या बादलीत बुडवला होता, ती घरातून वाटीभर गेरू घेऊन आली. पण तिनं तो लगेच लावला नाही. ओट्यावर आत्याबाईंजवळ जाऊन बसली. त्यांचं बोलणं मी दारामागून ऐकलं.

"आत्याबाई, खोली फार निळी झालीय हो. जरा लाल लावावं म्हणते. आमच्याकडे कोकणात काही निराळंच असतं. तुमच्याकडे कुठं कुठं लावतात?"

"उंबऱ्याला लावत्यात," आत्याबाई म्हणाल्या. "येवढं बी ठावं न्हाई?"

"आणखी?"

"पायरीला. चुलीच्या कडंला." त्यांनी सोलवटलेल्या गुडघ्यावरून हात फिरवला. "तांब्या ठिवत्यात त्या फळीला बी लावत्यात."

"फळीला? हे नव्हतं माहीत."

"लावत्यात. आन् मिश्रीच्या डबीला लाल चिंधी बांधत्यात."

मी त्यांच्या गावात दोन वर्षं काढली होती. मिश्रीच्या डबीला चिंधी बांधलेली मी कुणाकडेही पाहिली नव्हती. काकूंनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "बरं झालं विचारलं." आत्याबाईंनी सांगितलं तिथं, आणि तेवढ्याच जागी, त्यांनी गेरूची जाड रेघ ओढली. मी उत्साहानं दाराची चौकटही रंगवायला घेतली तर माझा कुंचा काढून घेतला. "पुरे. लाल जितकं कमी, तितकं लांबून दिसतं."

त्या संध्याकाळी आत्याबाई आपण होऊन उठल्या, पायरी उतरल्या, हात-पाय धुतले, तांब्या फळीवर ठेवला आणि मला म्हणाल्या, "ती ट्रंक वाटंत कशाला टाकलीस? पाय लागंल कुनाचा." मी ट्रंक आत ढकलली. चाकणच्या गाडीचं नाव पुन्हा निघालं नाही. शेजारणींना त्या सांगू लागल्या, "कोकनातली बाई गुनाची हाय, फकस्त रीतभात शिकवायला कोन नव्हतं."

वर्षभरानं पुण्याच्या दवाखान्यात त्यांचा मोतीबिंदू काढला. जाड भिंगाचा चष्मा लावून टांग्यातून उतरल्या, उंबरा ओलांडला आणि खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. वर बघितलं, खाली बघितलं, सगळीकडे फिरून बघितलं.

"अगं बया! समदं निळं हाय की गं! आन् म्या वरीसभर लाल घरात ऱ्हात व्हते!"

काकू हसत हसत दारातच बसल्या. डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यांना थांबता येईना. आत्याबाईंना त्यात हसण्यासारखं काय आहे ते समजलं नाही, पण मग त्याही हसल्या.

त्यानंतर लवकरच काकांना नागपूरकडच्या एका कारखान्यात नोकरी मिळाली. काकूंनी पडदे, खोळी, बसकरं, सगळं निळं माझ्या दारात आणून टाकलं. मी म्हटलं, "तिकडे लागेल तुम्हाला." त्या म्हणाल्या, "तिकडे कंपनी खाकी देते. पोत्याचं कापड कुठं मिळतं ते बघते आता." मला रडू येईल असं वाटलं होतं. पण त्या तागाच्या छटांबद्दल इतक्या उत्साहानं बोलत होत्या की मी शिधा बांधून देत नुसती ऐकत राहिले. निघताना त्यांनी माझ्या हनुवटीला हात लावला. नखं निळीच होती. तिकडे गेल्यावर ती कोणत्या रंगाची झाली, ते मला कळलं नाही.

मी भावनेच्या भरात बोलणारी बाई नाही. पण माझा संसार त्या खोलीत टिकला तो काकूंमुळे, हे मला नीट माहीत आहे. आत्याबाई शेवटपर्यंत माझ्याजवळ राहिल्या, आणि कोणाच्या आधारानं राहिलो असं आम्हा दोघींना कधी वाटलं नाही. ते काकूंनी वाटू दिलं नाही.

आता आमचं घर निगडीला आहे. सुनेनं सगळं एकाच दुधाळ रंगात केलंय. चांगलं दिसतं. पायरीवरची गेरूची रेघ मात्र मी दर दिवाळीला स्वतः ओढते. "आई, मॅच होत नाही," असं ती पहिल्या वर्षी म्हणाली. आता म्हणत नाही. येणारे-जाणारे कधी विचारतात की ही रेघ कशाला. मी सांगते, आमच्याकडची रीत आहे. ज्याला तिची गरज असते तो विचारत नाही. तो नीट पाय उचलतो आणि आत येतो.