खिडकीजवळची खाट

माझा हात हलका आहे, असं लोकांनी सांगून सांगून मला बिघडवलं. कोल्हापुरातल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये मी नुकतीच लागले होते. सहा महिन्यांतच वॉर्डातल्या बायका म्हणायला लागल्या, "ती बारकी पोरगी येऊ दे, तिची सुई कळतबी न्हाय." असं कुणी म्हटलं की पाय जमिनीवर राहत नाहीत. त्यात मी मुळातच घाईची. सकाळी सातला रक्त घ्यायला निघायचं आणि साडेसातला तिसऱ्या मजल्यावरचा बायकांचा वॉर्ड संपवून चहाला पोचायचं, यात मला फार भारी वाटायचं.

मला हे काम शिकवलं ते लॅबमधल्या सगळ्यात जुन्या टेक्निशियननी. त्यांना सगळे ताई म्हणायचे. शीर डोळ्यांनी शोधायची नाही, बोटानं शोधायची. दाबली की परत वर येते ती खरी. दंडाला बांधलेला पट्टा मिनिटाच्या वर ठेवायचा नाही. स्पिरिट लावलं की ते वाळू द्यायचं, फुंकर मारायची नाही. रक्त घेतलेली नळी हळू उलटीसुलटी करायची, घुसळून तिचं ताक करायचं नाही. हे सगळं मी पटकन उचललं. दोन गोष्टी मात्र मला कधी पटल्या नाहीत. पेशंटला "तुम्ही अमुक का?" असं विचारायचं नाही, "तुमचं नाव सांगा" म्हणायचं. आणि नळीवर नावाची चिठ्ठी रक्त काढल्यावरच लावायची, तीही खाटेपाशी उभं राहून. मला वाटायचं, खाटेला नंबर आहे, कागदावर नाव आहे, मग म्हाताऱ्या बायकांची शाळेसारखी हजेरी कशाला घ्यायची? मी लॅबमध्येच सगळ्या नळ्यांना चिठ्ठ्या चिकटवून निघायचे. ताईंचं लक्ष नसताना, अर्थात.

तो माघातला रविवार होता. माझ्या कागदावर शेवटी दोन नवीन पेशंट होते. सात नंबरच्या खाटेवर पन्हाळ्याकडच्या एका गावातली आज्जी. तिच्या अंगात रक्त फारच कमी होतं, त्याच दिवशी पिशवी चढवायची होती. तिचा रक्तगट बघायला आणि पिशवीशी जुळवायला नमुना हवा होता. आठ नंबरवर, खिडकीजवळ, साखर वाढलेल्या एक निवृत्त शिक्षिका. दोघी आदल्या संध्याकाळी दाखल झालेल्या, मी दोघींनाही पाहिलेलं नव्हतं.

सात नंबरची बाई डोक्यावरून चादर घेऊन झोपली होती. मी आज्जीचं नाव घेऊन विचारलं, "तुम्हीच ना?" चादरीतून "हं" आलं. मी हात बाहेर घेतला. शीर अशी छान होती की बघूनच आनंद झाला. एका टोच्यात नळी भरली. चिठ्ठी आधीच लावलेली होतीच. पापणी जरा खाली ओढून बघितली असती तरी कळलं असतं की या बाईच्या अंगात रक्ताला काही तोटा नाही. पण मला चहा दिसत होता.

मग मी खिडकीकडे वळले. तिथली बाई उठून बसली होती आणि हात जोडून बाहेर बघत होती. त्या खिडकीतून आकाश मोकळं असलं की जोतिबाचा डोंगर दिसतो. तिचं होईपर्यंत मी थांबले, तेवढी अक्कल होती. मग पट्टा बांधला आणि शीर शोधायला लागले. शीर काही सापडेना. बोटाखाली नुसती सैल कातडी लागत होती. पेशंट घाबरू नये म्हणून आपण गप्पा मारतो, तशी मी सहज म्हणाले, "आज रविवार, जोतिबाचा खेटा चुकला म्हणायचा."

"चुकतोय कसा?" ती म्हणाली. "सासरी आल्यापास्नं माघातला एक रविवार चुकवला न्हाय, चालत जातो आमी डोंगरावर. आज पाय चालंना झाल्यात, म्हनून हितनंच चांगभलं म्हटलं. ती पल्याडची बाई लई गुणाची. ही खाट तिचीच हाय. रातीला म्हनली, तुमी घ्या की खिडकी, तुमचा देव दिसंल."

मी आधी पट्टा सोडला. मागे वळून बघितलं. सात नंबरवर आता शिक्षिकाबाई उठून बसल्या होत्या आणि उशाखालून कानाचं मशीन काढून कानात घालत होत्या. झोपेत, मशीन नसताना, त्यांनी मला "हं" म्हटलं होतं. आणि माझ्या ट्रेमध्ये आज्जीच्या नावाची नळी होती, बाईंच्या रक्तानं भरलेली. त्या नळीवरून रक्तपेढी पिशवी देणार होती. चुकीच्या गटाची पिशवी चढली असती तर आज्जी वाचणं मुश्किल होतं.

खोटं कशाला बोलू, पहिला विचार आला तो नळी गुपचूप टाकून द्यायचा. कुणाला कळलंही नसतं. पण बाई मशीन घालून माझ्याकडेच बघत होत्या. मी त्यांच्यापाशी गेले आणि काय झालं ते सांगितलं. तुम्हाला परत टोचावं लागेल, म्हटलं. त्यांनी दुसरा हात पुढे केला. "आमच्या घरी बुद्धवंदना असते, त्या डोंगराचं मला काही नाही गं," त्या म्हणाल्या. "पण ती रात्री सारखी मान वर करून बघत होती, मला बघवेना. खाट बदलल्याचं सिस्टरना सांगायला पाहिजे होतं, ते राहिलं. शाळेत कुणी असं आपणहून चूक सांगायला आलं की मी छडी ठेवून द्यायची. चल, टोच."

बाईंचं रक्त घेऊन झाल्यावर मी परत आज्जीपाशी बसले. ट्रे खाली ठेवला. चिठ्ठी नसलेली कोरी नळी काढली.

"आज्जी, तुमचं नाव सांगा."

"तुज्या कागदावर न्हाय व्हय?"

"आहे. पण मला तुमच्या तोंडून पाहिजे."

तिनं पदर सारखा केला. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मग तिनं डोंगराकडे बघत अगदी हळू आपलं नाव सांगितलं आणि लाजून हसली. "लई वर्सांनी सांगितलं बग. सासरी आल्यावर थोरली सून झालो, मग आई, मग आज्जी. मालकबी अगं म्हनायचं. माजं नाव इचारायचं काम कुनाला पडलंच न्हाय."

मला रडू आलं. थोडं भीतीनं आणि जास्त तिच्यासाठी. पण रडत शीर सापडत नाही. मी तिचा हात गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवला, तळहात चोळला, पंधरा मिनिटं नुसती बसून राहिले. मग पट्टा बांधला. कोपराच्या आतल्या बाजूला बोटाखाली काहीतरी बारीक, पण परत वर येणारं लागलं. सुई हलकी घातली. रक्त फिकट होतं, पण आलं. पट्टा सोडला, सुई काढली, कापूस दाबून धरला. चिठ्ठी लिहिली ती तिथंच, तिला वाचून दाखवून.

ताईंना मी सगळं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त एक काचेची पट्टी पुढे ठेवली आणि म्हणाल्या, "आज्जीच्या नावाच्या दोन्ही नळ्यांतला एकेक थेंब घे आणि तपासून बघ." मी थेंबात गट ओळखायचं औषध टाकलं. आज्जीचा थेंब तसाच राहिला. बाईंचा थेंब माझ्यासमोर दूध नासावं तसा फुटला आणि त्याचे दाणे दाणे झाले. "पिशवी बाईंच्या गटाची आली असती," ताई म्हणाल्या, "तर हेच आज्जीच्या शिरांत झालं असतं." मग ती चुकीची नळी त्यांनी माझ्याच हातानं टाकायला लावली. त्या दिवशी मी चहा घेतला नाही.

दुपारी पिशवी आली. माझी ड्यूटी संपली होती, तरी मी वर गेले. खाटेचा कागद मी सकाळीच बदलून घेतला होता, कारण आज्जी खाट परत द्यायला निघाली होती आणि बाई घ्यायला तयार नव्हत्या. पिशवी लावायच्या आधी सिस्टरनी कागद हातात घेऊन विचारलं, "आज्जी, नाव काय तुमचं?"

सकाळी लाजलेली म्हातारी ताठ बसली. तिनं आपलं नाव सांगितलं, वडलांचं सांगितलं, माहेरचं आडनाव सांगितलं, मग नवऱ्याचं, मग गावाचं. एवढ्या मोठ्यानं, की दाराशी बसलेली माणसंसुद्धा वळून बघायला लागली. मग डॉक्टर आले आणि त्यांनीही तेच विचारलं. तिनं परत तेवढंच सगळं सांगितलं.

थेंब पडायला लागले. पहिली पंधरा मिनिटं पेशंटजवळ थांबायचं असतं. ते काम सिस्टरचं, पण मीही थांबले. थंडी वाजतेय का, पाठ दुखतेय का, दम लागतोय का, असं मी दर दोन मिनिटांनी विचारत होते. तिला काहीच होत नव्हतं. नळीतून रक्त हळूहळू उतरून हातापर्यंत आलं आणि आत गेलं. मी तिचं मनगट धरून ठेवलं होतं.

"घाबरू नगंस," ती मला म्हणाली. "माजंच हाय ते. दोगांनी नाव इचारून दिलंय." आणि जरा वेळानं, डोंगराकडे बघत, "तू आणि एकदा इचार की."

मी विचारलं.