सासूबाई पहिल्यांदा गाडीत बसल्या

पोलादी दोराने ओढली जात डोंगर चढणाऱ्या फ्युनिक्युलर रेल्वेच्या डब्यात ती बारा वर्षं ब्रेक सांभाळत होती, पण तिच्या सासूबाईंनी त्यात कधी पाऊल ठेवलं नव्हतं. "दोराला टांगून घ्यायची हौस नाही मला," म्हणत त्या वरच्या वस्तीतल्या बहिणीकडे सातशे पायऱ्या चढून जायच्या. यंदा मात्र गुडघ्यांनीच हात टेकले, तेव्हा मुकाट्याने सुनेच्या मागच्या बाकावर येऊन बसल्या.

निम्मा चढ झाला आणि वीज गेली. डबा गचका देऊन तिरकाच थांबला. खाली घरांची छपरं काडेपेट्यांएवढी दिसत होती. कुणीतरी किंचाळलं. सासूबाईंनी सुनेची बाही गच्च धरली.

"आता गं?"

"काही नाही, आई. वीज गेली की ब्रेक आपोआप रुळाला आवळून बसतात. रोज सकाळी मी स्वतः तपासते."

"आज तपासलेस?"

"तुम्ही येणार म्हणून दोनदा."

सासूबाईंनी बाही सोडली. सुनेने वरच्या इंजिनघरात फोन लावला आणि मोठ्याने सांगितलं, "जनरेटर सुरू करताहेत. दहा मिनिटं निवांत बसा."

नवव्या मिनिटाला डबा हलला.

वर बहीण वाट बघत होती. "घाबरलीस ना?"

"घाबरायला काय झालं? आमची सूनबाई होती की!" सासूबाई ठसक्यात म्हणाल्या. मग सुनेकडे वळून हळूच विचारलं, "संध्याकाळी तुझी फेरी कितीची? मी तुझ्याच गाडीने येणार."