मेंढ्या उशिरा दिसल्या

पुंजाराम एकोणीस वर्षं चिकलठाण्याहून शेंद्र्याच्या कारखान्यात कामगारांची बस नेत होता. बायको सत्यभामा गेली तेव्हा त्यानं खाडा केला तो फक्त तेरा दिवसांचा. त्यालाही आता दोन महिने झाले होते. डबा स्वतः भरायचा आणि अर्धा परत आणायचा, एवढाच फरक.

मंगळवारी दुपारी दोन वाजून बावन्न मिनिटांनी त्यानं करकचून ब्रेक मारला. पुढं मेंढ्यांचा कळप होता. मेंढ्या वाचल्या, कँटीनमधल्या आवडाबाईंचं कपाळ मात्र दांडीवर आपटलं. बसमधल्या यंत्रानं नोंद केलीच. सुपरवायझर विश्वजीतनं त्या नोंदीचा कागद पुंजारामच्या हातात दिला.

"मेंढ्या काय विमानातून उतरल्या का, मामा?"

मग आवाज उतरवून त्यानंच वाट दाखवली. मेंढ्या अचानक आडव्या आल्या असं लिहून द्या, बस तुमच्याकडंच राहील.

संध्याकाळी अकरावीतली लेक ज्ञानेश्वरी खुलासा लिहायला बसली. आधी तिला कागदात चूकच दिसेना. बारा किलोमीटर, चोवीस मिनिटं. सरासरी वेग ताशी तीस. एवढ्या सावकाश गाडीला कोण नावं ठेवील? मग तिनं खालची ओळ वाचली. ताशी चौपन्नवरून शून्य, तीन सेकंदांत. सरासरीत हे कुठंच दिसत नव्हतं. चौपन्न म्हणजे सेकंदाला पंधरा मीटर. दर सेकंदाला वेग पाचानं तुटला होता. पुस्तकात ह्यालाच त्वरण म्हटलं होतं, उलट्या दिशेचं.

एरवी थांबायला किती वेळ लागतो, असं तिनं विचारलं. पुंजारामनं बसल्या जागी मनात गाडी थांबवली.

"धा सेकंद. कवाबी धाच."

म्हणजे सेकंदाला दीड. तिनं पाचाशेजारी दीड लिहिला. रस्ता सरळ, ऊन लख्ख.

पुंजाराम मेंढपाळाच्या घरातला. लहानपणी लांबची धूळ बघून कळप कुणाचा ते सांगायचा. तो त्या दोन आकड्यांकडं बघत राहिला. रडू आलं नाही.

"अचानक नाय आल्या त्या," तो म्हणाला. "रस्त्यावरच व्हत्या. म्या बघत व्हतो, पर दिसत नव्हत्या."

"असं लिहिलं तर बस जाईल, आबा."

"लिही. चाळीस माणसं असत्यात बसमंदी."

सकाळी त्यानं खुलासा आणि बसची किल्ली विश्वजीतच्या टेबलावर ठेवली. विश्वजीतनं कागद दोनदा वाचला आणि त्याला कारखान्याच्या गेटवर नोंदी लिहायचं काम दिलं. दुपारी बस दुसऱ्यानं काढली. पुंजाराम मागं, आवडाबाईंच्या शेजारी बसला. कारखाना आला तसा नव्या ड्रायव्हरनं लांबूनच ब्रेक लावला. दहाएक सेकंदांत गाडी उभी राहिली.

पुंजारामचा उजवा पाय ब्रेक मारावा तसा खालच्या फळीवर दाबला गेला तो त्यानंतर.