शंख वाजेपर्यंत

क्लोटिल्ड मॉडेस्ट चौदा वर्षं हंगामी शिक्षिका होती. आन्स मॅडलेन गावात हंगाम म्हणजे मासळीचा, तीन-चार महिन्यांचा. चौदा वर्षांचा हंगाम ग्रेनेडा बेटावर फक्त शिक्षण खात्यालाच ठाऊक होता.

कायम व्हायचं तर राजधानीहून आलेल्या इन्स्पेक्टर साहेबांपुढे इंग्रजी व्याकरणाचा एक तास घेऊन दाखवायचा. टीचर क्लो त्यात दोनदा नापास झाली होती. तिसरी संधी शेवटची. तीही हुकली असती, तर ख्रिसमसनंतर तिच्या खुर्चीत कोणी प्रशिक्षित मुलगी बसणार होती आणि टीचर क्लो किनाऱ्यावर मासे साफ करायला. त्या कामाला प्रशिक्षण लागत नाही, आणि तिथे सगळे पहिल्या दिवसापासून कायमच असतात.

मागच्या खेपेला धडा होता विशेषणांच्या तुलनेचा. उंच, त्याहून उंच, सगळ्यात उंच. पुस्तकात त्यासाठी विलायतेतली तीन झाडं दिली होती. मुलांनी ती घडाघडा म्हणून दाखवली. मग इन्स्पेक्टर गिटन्स साहेबांनी सहज विचारलं, की यातला ओक साधारण केवढा असतो. ऑरेलिया नावाची एक चुणचुणीत मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "दोन इंच, साहेब." चित्रात तो तेवढाच होता, तिने पट्टीने मोजला होता. साहेबांनी शेरा मारला: पाठांतर उत्तम, समज शून्य.

तेव्हा या खेपेला टीचर क्लोने पुस्तक कपाटात ठेवलं आणि आदल्या दिवशीच्या मासळीतून तीन मासे निवडून आणले. बांगडा, कुपा आणि हातभर सुरमई. लहान, मोठा, त्याहून मोठा, सगळं डोळ्यांसमोर. हेडमास्तर रेडहेडना वासाची काळजी होती; पण वास सगळ्या गावालाच असल्यामुळे त्यांनी ती बोलून दाखवली नाही.

साहेब मागच्या बाकावर बसले. टीचर क्लोने कुपा उचलून विचारलं, की हा बांगड्यापेक्षा कसा आहे.

वर्ग गप्प. तिने सुरमई उचलली. एकतीस मुलं खिडकीबाहेर समुद्राकडे बघत राहिली. साहेबांची पेन्सिल चालू लागली. हेडमास्तर साहेबांच्या पाठीमागून भुवयांनी काहीतरी सुचवत होते, पण भुवयांनी व्याकरण सांगता येत नाही.

शेवटी ऑरेलिया हळूच म्हणाली, "टीचर, तुमचे बाबा अजून पाण्यात आहेत."

टीचर क्लोने सुरमई खाली ठेवली. बोटी पाण्यात असताना माशाला माशाहून मोठं म्हणायचं नाही, हा गावचा नियम. समुद्राला ऐकू येतं, आणि तो हात आखडता घेतो. बोट किनाऱ्याला लागून शंख वाजला, की मग वाटेल तेवढ्या बढाया माराव्यात. ती स्वतः बोट चालवणाऱ्या आल्बन तांडेलाची मुलगी. हा नियम बोलायला शिकायच्या आधी शिकलेली. पुस्तकाबाहेरचं काही सुचल्याच्या आनंदात नेमकी तीच विसरली होती.

पुस्तकातला ओक अजून कपाटात होता. मुलांना दटावताही आलं असतं. तिच्या मायेपोटी त्यांनी नियम मोडलाही असता. तिने दोन्ही केलं नाही. साहेबांना ती म्हणाली, "तास अर्ध्या तासाचा असावा, असं नियमात आहे, साहेब. तो कुठे असावा, असं नाही. आम्ही किनाऱ्यावर जातो."

साहेब नियमांचे भक्त होते. त्यांनी पुस्तिका दोनदा चाळली आणि निमूटपणे टोपी घातली.

किनाऱ्यावर जाळं ओढायचं काम चाललं होतं. साहेब बूट सांभाळत वाळूत उभे राहिले. तिथली मासे विकणारी झाबेत मावशी त्यांना न्याहाळून म्हणाली, "नुसतं उभं राहून मासे आले असते, तर तुमच्या हापिसातच आले असते की. धरा दोर." समोर असेल त्याने दोराला हात लावायचाच असतो. शिक्षण खातं गुडघाभर पाण्यात उतरलं.

जाळं वर आलं, बोटही किनाऱ्याला लागली. आल्बनने आत डोकावून पाहिलं, चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, आणि शंख ओठांना लावला.

मग मुलांना कंठ फुटला. माझ्या बापाचा मासा, तुझ्या बापाचा मासा, सगळं एकदम आणि घरच्या बोलीत. टीचर क्लोने हात वर केला. "पुस्तकी इंग्रजीत."

आणि मग पुस्तकी इंग्रजीत तोच गोंगाट सुरू झाला. हा त्याच्याहून जाड, तो याच्याहून लांब, आमची सुरमई साहेबांच्या पायापेक्षा मोठी, साहेबांची पँट सगळ्यांत ओली. शाळा तिसरीत सोडलेली झाबेत मावशीही घुसली: म्हणे, आपला आवाज शंखाहून मोठा आहे. हे सिद्ध करायची गरज नव्हती. साहेबांनी दोनदा चूक काढायला तोंड उघडलं; दोन्ही वेळा ऑरेलियाने ती आधीच काढलेली होती.

परतताना साहेबांच्या हातात त्यांच्या वाट्याचे दोन कुपे होते. टीचर क्लोने धीर करून विचारलं, "मागच्यापेक्षा बरा झाला का तास, साहेब?"

साहेब पँट पिळत म्हणाले, "टीचर, कागद अजून पाण्यात आहे. आत्ताच तुलना नको."

तीन आठवड्यांनी कागद किनाऱ्याला लागला. आल्बनने तो मुलीकडून दोनदा वाचून घेतला आणि खात्रीसाठी तिसऱ्यांदा हेडमास्तरांकडून. कायम. मग तो उठला, भर दुपारी, एकही बोट बाहेर गेलेली नसताना किनाऱ्यावर गेला आणि शंख फुंकला. घराघरांतून बाया पराती घेऊन धावत आल्या. सगळ्यांत पुढे झाबेत मावशी. तिने रिकाम्या बोटीत वाकून पाहिलं आणि मासे कुठे आहेत, असं दरडावून विचारलं.

"एकच लागलाय," आल्बन मुलीकडे बोट दाखवत म्हणाला, "पण आजवरचा सगळ्यांत मोठा."

झाबेत मावशीने टीचर क्लोला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि पौंडाला काय भाव, असं विचारलं. शुद्ध पुस्तकी इंग्रजीत.